रमाबाईंचे प्रश्न आणि वाँटेजच्या सिस्टर

चर्चमध्ये कुणी अवघड प्रश्न विचारला की "विश्वास कमी पडतोय" असं लगेच ऐकवतात. पंडिता रमाबाईंची पत्रं वाचली की कळतं, हे दुखणं जुनंच आहे.

रमाबाई १८८३ ला इंग्लंडला गेल्या, डॉक्टरकी शिकायची होती पण कमी ऐकू यायचं म्हणून ते बारगळलं. तिथल्या वाँटेज गावात अँग्लिकन (म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या) सिस्टरांच्या मठात राहिल्या आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबरला लेक मनोरमासकट बाप्तिस्मा घेतला. इकडे पुण्यात बोंबाबोंब, तिकडे सिस्टरना वाटलं काम झालं! पण लहानपणापासून संस्कृत श्लोक पाठ असलेली, १८७८ ला कलकत्त्याच्या पंडितांनी 'पंडिता' म्हटलेली ही बाई, ती काय नुसतं आमेन म्हणून गप्प बसणार होती?

तसं शास्त्र शिकलेल्या माणसाने ख्रिस्ती धर्म असा तपासून बघणं आपल्याकडे नवीन नव्हतं. नीळकंठशास्त्री गोऱ्यांनी आधी ख्रिस्ती धर्म खोडून काढायला संस्कृतात ग्रंथ लिहिला आणि मग १८४८ ला स्वतःच बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या लिखाणाचा रमाबाईंवर बराच परिणाम झाला होता.

तर रमाबाईंचे प्रश्न काय होते? एकच देव तर त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असे तिघं) कसं, येशूचा जन्म कुमारीपोटी झाला हे मानलंच पाहिजे का, आणि अथानेशियन मतांगिकारात, म्हणजे काय मानायचं ते सांगणाऱ्या चर्चच्या एका जुन्या मजकुरात, जे मानत नाहीत त्यांचा कायमचा नाश होणार असं म्हटलंय ते कसं पचवायचं. चेल्टनहॅम लेडीज कॉलेजच्या प्रिन्सिपल डोरोथिया बील बाईंनी हे सगळं सिरीयसली घेतलं, लांबलचक उत्तरं लिहिली. वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डीनना मात्र यात गर्व दिसला.

मला सगळ्यात आवडतो तो क्रॉसचा किस्सा. गळ्यातल्या क्रॉसवर लॅटिन अक्षरं होती, रमाबाईंनी सरळ विचारलं की आमच्या संस्कृतपेक्षा लॅटिनमध्ये असं काय जास्त पवित्र आहे? मग रमाबाईंनी पुरुषांना शिकवण्यावरून हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली तेव्हा तर त्या भडकल्याच, आणि १८८५ च्या मे महिन्यातल्या पत्रात लिहिलं की आत्ताच कुठे मोठ्या कष्टाने आमच्या भटजींच्या जोखडातून मान सोडवलीय, लगेच दुसरं तसलंच जोखड घ्यायची माझी तयारी नाही.

एवढं होऊनही त्यांनी ख्रिस्त सोडला नाही, हे लोक विसरतात. पुढे स्वतःच लिहिलं की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी कळलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता पण ख्रिस्त नव्हता. शेवटची वर्षं केडगावला हिब्रू-ग्रीकवरून खेड्यातल्या बायांना कळेल अशा मराठीत बायबल करण्यात गेली, ते १९२४ ला छापून आलं तेव्हा त्या जाऊन २ वर्षं झाली होती.

आणि ही पत्रं टिकली कशी? ज्या सिस्टर जेराल्डीन त्यांना गर्विष्ठ म्हणत होत्या त्यांनीच ती जपून, जमवून ठेवली.