लिब्रेऑफिसमध्ये अडलात की आम्हाला असं कळवा

वागळे इस्टेट, कळवा, ऐरोली, रबाळे, महापे इकडच्या आमच्या सगळ्या ग्राहकांसाठी

तुमच्याकडे आम्ही जे लिब्रेऑफिस (पत्रं, हिशेबाचे तक्ते बनवायचं सॉफ्टवेअर) टाकून दिलंय त्याला लायसन्सचे पैसे लागत नाहीत हे बहुतेकांना माहितीये, पण ते कुठल्या एका कंपनीच्या मालकीचं नाही हे फारसं कोणाच्या लक्षात येत नाही. 2010 साली ते ओपनऑफिस या तशाच जुन्या सॉफ्टवेअरमधून वेगळं झालं, मागे द डॉक्युमेंट फाउंडेशन ही ना-नफा संस्था आहे, आणि कोड जसा कोणीही सुधारू शकतो तशीच हेल्पची पानं आणि गाइडसुद्धा. कोणीही म्हणजे तुमच्या अकाउंट्सच्या मॅडमपण.

हेल्प आणि गाइड सुधारायचं काम मात्र कायम मागे पडतं. साधारण फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये नवीन व्हर्जन येतं, मेनूत काहीतरी इकडचं तिकडे होतं आणि गाइडमधला स्क्रीनशॉट तोच जुना. गिटहब या कोड ठेवायच्या वेबसाइटच्या 2017 च्या ओपन सोर्स (म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेल्या सॉफ्टवेअरच्या) सर्व्हेत 93 टक्के लोकांनी अर्धवट किंवा जुनं डॉक्युमेंटेशन, म्हणजे हेल्प आणि गाइड, दिसतं असं सांगितलं होतं, आणि प्रोजेक्टला हातभार लावणाऱ्यांपैकी 60 टक्के म्हणाले की डॉक्युमेंटेशनला आम्ही क्वचित किंवा कधीच हात लावत नाही. कोड लिहिणाऱ्याला पान बरोबरच वाटणार, त्याला उत्तर आधीच माहीत असतं.

आता हे बघा. स्टॉकची सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी वेगळी केलेली साधी यादी) कॅल्कमध्ये, म्हणजे लिब्रेऑफिसच्या तक्त्यांच्या प्रोग्राममध्ये, उघडली की पार्ट नंबर 00457 चा नुसता 457 होतो आणि सेटिंग अमेरिकन असेल तर 05/04/2024 ही पाच एप्रिलची तारीख चार मे होऊन बसू शकते. फाइल उघडताना टेक्स्ट इम्पोर्टची खिडकी येते तिथे घाईत ओके दाबू नका, खालच्या प्रिव्ह्यूत त्या कॉलमच्या डोक्यावर क्लिक करा आणि कॉलम टाइपमध्ये पार्ट नंबरला टेक्स्ट, तारखेला डेट डीएमवाय (दिवस-महिना-वर्ष) निवडा, झालं. हे सगळं हेल्पमध्ये आहे हो, पण ज्याचे शून्य गायब झालेत तो टेक्स्ट इम्पोर्ट असं कशाला शोधेल? तिथे पार्ट नंबरचं एक उदाहरण टाकलं तरी पुढच्या माणसाचा फोन वाचतो (आमचाही वाचतो, खोटं कशाला बोला).

म्हणून अडलात की नेहमीच्या व्हॉट्सअॅपवर टाका: काय करत होता, काय व्हायला हवं होतं आणि झालं काय. नुसतं "चालत नाहीये" नको. हेल्प मेनूत अबाउट लिब्रेऑफिसमध्ये व्हर्जन दिसतं, तो आकडापण पाठवा. आणि त्याच दिवशी पाठवा, कारण एकदा जमायला लागलं की आपण नेमके कुठे अडलो होतो ते कोणालाच आठवत नाही. मराठी, हिंदी, व्हॉइस नोट, काहीही चालेल.

ते इंग्रजीत नीट लिहून प्रोजेक्टच्या बगझिलावर (चुका नोंदवायच्या वेबसाइटवर) नोंदवायचं काम आमचं, जमेल तिथे पानातला बदलसुद्धा आम्हीच करून पाठवू. तिथले लोक तपासतात, कधी परत पाठवतात, वेळ लागतो, पण तुमचं उत्तर तोवर थांबणार नाही.

एक मात्र नक्की पाळा. बगझिला सगळ्या जगाला दिसतो, त्यामुळे जीएसटी नंबर, पार्टीची नावं, पगार असलेला स्क्रीनशॉट पाठवू नका, चार ओळींची खोटी फाइल बनवून द्या. जमत नसेल तर आमचा मुलगा व्हिजिटला आला की त्याच्याकडून करून घ्या.

याचे वेगळे पैसे नाहीत. एएमसी (वर्षाचा देखभालीचा करार) संपलेली असेल तरी पाठवा, फक्त फोनवर आधी नंबर एएमसीवाल्यांचा लागेल.