व्यक्तिछायाचित्रण व मुखपृष्ठ

माणसाचा चेहरा, त्याची ढब आणि स्वभाव टिपणारा छायाचित्रणाचा प्रकार. रूढ नाव पोर्ट्रेट. लग्नाच्या स्थळासाठी काढलेल्या फोटोपासून मासिकाच्या मुखपृष्ठापर्यंत सर्वत्र पाहणाऱ्याची नजर आधी डोळ्यांकडे जाते. त्यामुळे कॅमेऱ्याची बहुतेक गणिते डोळ्यांपासूनच मांडावी लागतात.

चेहरा बिघडतो तो बहुधा अंतरामुळे. मोबाइल ४० सेंमीवर धरला, तर नाकाचा शेंडा कानांपेक्षा सुमारे १२ सेंमी जवळ येतो आणि कानांच्या मानाने नाक ३० टक्क्यांनी मोठे उमटते. त्याच माणसाला २ मीटरवर बसवले की हा फरक ६ टक्क्यांवर येतो. पोर्ट्रेटसाठी ८५ ते १०५ मिमीची, म्हणजे अरुंद दृश्य टिपणारी लेन्स वापरतात ती याचसाठी. तिच्यामुळे छायाचित्रकाराला मागे सरकावे लागते, आणि चेहरा आपल्या मूळ प्रमाणात राहतो.

फुलफ्रेम कॅमेरा (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरचा), ८५ मिमी लेन्स, २ मीटर अंतर आणि एफ १.८ अ‍ॅपर्चर (लेन्सचे उजेड आत घेणारे छिद्र; आकडा लहान तितके छिद्र मोठे) असेल, तर स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम ६ सेंमीचा असतो. एफ ४ वर तो १३ सेंमीच्या आसपास जातो. चेहरा तिरका असल्यास जवळच्या डोळ्यावर फोकस ठेवावा. लांबचा डोळा किंचित पुसट असला तरी खपतो. जवळचा पुसट झाला तर फोटो बाद. शटरचा वेग १/१२५ सेकंदापेक्षा मंद शक्यतो ठेवू नये. आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) वाढवल्याने आलेले दाणे सोसतात, हललेली पापणी सोसत नाही.

कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा लाइट मीटर समोरचे सगळे मध्यम राखाडी आहे असे धरून चालतो. पांढरा फेटा आणि पांढरा सदरा घातलेल्या माणसाने चौकट भरली, की मीटर उजेड कमी करतो आणि सावळा चेहरा काळवंडतो. अशा वेळी एक्स्पोजर (सेन्सरला मिळणारा एकूण उजेड) एका स्टॉपने, म्हणजे दुपटीने, वाढवून पाहावे. चेहरा नंतर संगणकावर उजळण्यापेक्षा हे केव्हाही चांगले.

प्रकाशासाठी उत्तरेची खिडकी पुरेशी असते. माणूस खिडकीशी तिरका बसला, की नाकाची सावली गालाच्या सावलीला मिळते आणि सावलीतल्या गालावर उजेडाचा छोटा त्रिकोण उरतो. डच चित्रकारावरून या प्रकाशयोजनेला रेम्ब्रांट प्रकाश म्हणतात.

मुखपृष्ठाचा फोटो उभा घेतात आणि डोक्यावर नियतकालिकाच्या नावापुरती जागा मोकळी सोडतात. कॅमेऱ्याची ३:२ प्रमाणाची उभी चौकट ए४ पानापेक्षा अरुंद असल्याने वर-खाली कात्री लागतेच. छपाईच्या कटाईसाठी कडेने साधारण ३ मिमी जास्तीचे चित्रही द्यावे लागते. घट्ट चौकटीतला उत्तम फोटो मुखपृष्ठावर नापास होतो तो इथे.

मराठी दिवाळी अंकांची मुखपृष्ठे दीर्घकाळ दीनानाथ दलाल, रघुवीर मुळगावकर यांच्यासारख्या चित्रकारांनी रंगवली. पुढे छायाचित्रकार गौतम राजाध्यक्ष (१९५०–२०११) यांनी चित्रतारकांच्या पोर्ट्रेटना मऊ प्रकाश आणि एक प्रकारची आदब दिली.

‘नॅशनल जिऑग्राफिक’च्या जून १९८५ च्या अंकावरचे अफगाण निर्वासित मुलीचे छायाचित्र जगभर ओळखले जाते. स्टीव्ह मॅककरी यांनी ते पेशावरजवळच्या नासिर बाग छावणीत कोडाक्रोम या रंगीत फिल्मवर टिपले. फाटकी तांबडी ओढणी, मागे हिरवट पार्श्वभूमी आणि थेट रोखलेले हिरवे डोळे, एवढाच ऐवज. ते डोळे लाखो वाचकांच्या परिचयाचे झाले. शरबत गुला हे तिचे नाव मात्र २००२ मध्ये कळले.