हीटर गार पडला: ब्लेंड मोटर गेली की हीटर कोअर तुंबला?

अमेरिकेतल्या मिशिगन किंवा मिनेसोटात जानेवारीत गाडी चालवणाऱ्याला हीटरचं महत्त्व वेगळं सांगायला नको. आणि तो बिघडला की तक्रार ठरलेली असते: नॉब लाल टोकापर्यंत फिरवलाय, पंखा जोरात चालतोय, पण हवा गारच. या एका तक्रारीमागे दोन अगदी निराळे बिघाड असू शकतात. एक हवेच्या बाजूचा, दुसरा पाण्याच्या. पहिल्यात डॅशबोर्डखालची मुठीएवढी मोटर बदलली की काम होतं, आणि ते घरच्या घरी जमतं. दुसऱ्यात, नुसतं पाण्याने धुऊन भागलं नाही तर, अनेक गाड्यांचा अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. म्हणून पाना हातात घेण्याआधी बिघाड कुठल्या बाजूचा आहे हे ठरवायचं. त्याला पाच मिनिटं पुरतात, आणि नेमकी तीच पायरी बहुतेक जण गाळतात.

डॅशबोर्डच्या मागे प्लास्टिकची एक मोठी पेटी असते. पंख्याची हवा तिच्यात शिरते आणि आधी एसीच्या इव्हॅपोरेटरमधून, म्हणजे हवा गार करणाऱ्या जाळीतून, जाते. पुढे हीटर कोअर असतो. हा म्हणजे छोटा रेडिएटरच. इंजिनमधलं गरम कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं रसायन मिसळलेलं पाणी, त्यातून सतत फिरत असतं. इव्हॅपोरेटर आणि कोअर यांच्यामध्ये एक झडप असते, ती ब्लेंड डोअर. किती हवा कोअरमधून जाईल आणि किती त्याला वळसा घालून गारच पुढे निघेल, हे ती ठरवते. ती फिरवणारी मोटर म्हणजे ब्लेंड मोटर, किंवा अ‍ॅक्च्युएटर. थोडक्यात, कोअर उष्णता आणतो आणि मोटर ती उष्णता हवेपर्यंत पोचू देते. दोघांपैकी कोणीही संप केला तरी चेहऱ्यावर येणारी हवा सारखीच गार.

आता चाचणी. इंजिन चांगलं तापू द्या, डॅशबोर्डवरचा इंजिनच्या तापमानाचा काटा नेहमीच्या जागी येऊ द्या, हीटरचा नॉब पूर्ण गरमवर ठेवा. बॉनेट उघडा. इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याच्या भिंतीतून रबराच्या दोन नळ्या आत जातात: एक कोअरला कूलंट देणारी, दुसरी परत आणणारी. पट्टा आणि पंखा फिरत असतो, बाह्या आवरून, जपून दोन्हींना हात लावून बघा. दोन्ही चटका बसेल इतक्या गरम असतील तर कोअरमधून कूलंट व्यवस्थित फिरतंय. दोष झडपेकडे किंवा मोटरीकडे. एक कढत आणि दुसरी कोमट असेल तर कोअर तुंबलाय. दोन्ही गार असतील तर कूलंट कमी असेल, किंवा थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंटला रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) उघडाच अडकला असेल. थर्मोस्टॅटच्या बिघाडात तापमानाचा काटाही वर चढत नाही. उभ्या गाडीत गार हवा आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबला की गरम, असं होत असेल तर आधी कूलंटची पातळी बघा, पण इंजिन थंड झाल्यावर. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडू नका.

इथे एक फसवी जागा आहे. दोन बाजूंना वेगवेगळं तापमान ठेवता येणाऱ्या गाडीत एक बाजू गरम आणि दुसरी गार झाली की सगळे डोळे झाकून म्हणतात, ‘त्या बाजूची मोटर गेली.’ बरेचदा ते खरंही असतं. पण काही गाड्यांत कोअर अर्धवट तुंबला की त्याचा एकच भाग तापतो आणि लक्षण हुबेहूब तेच दिसतं. नळ्या न तपासता मागवलेली मोटर अशा वेळी फुकट जाते.

मोटर बिघडल्याची सगळ्यात चांगली खूण म्हणजे आवाज. चावी फिरवल्यावर किंवा तापमान बदलल्यावर डॅशबोर्डमागून टक-टक-टक सुरू होतं आणि थोड्या वेळाने थांबतं. आतल्या प्लास्टिकच्या गिअरचा दात तुटलेला असतो. मोटर झडप ढकलायला जाते, गिअर घसरतो, पुन्हा प्रयत्न. मात्र त्याच पेटीवर अशाच दिसणाऱ्या आणखी मोटरी असतात. एक हवा पायाकडे की काचेकडे हे ठरवते, एक बाहेरची हवा की आतली हे. कुठलं बटण फिरवल्यावर टकटक होते त्यावरून दोषी कोण ते कळतं. तापमानाला हात न लावता फक्त हवेची दिशा बदलल्यावर आवाज येत असेल तर ब्लेंड मोटर निर्दोष आहे.

काढताना बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवून थोडा वेळ थांबा आणि एअरबॅगच्या पिवळ्या कनेक्टरना हात लावू नका. मोटर ग्लोव्ह बॉक्समागे किंवा ड्रायव्हरच्या पायांजवळ असते, दोन-तीन स्क्रूंवर धरलेली. स्क्रू सोपे, जागा वाईट. मान वाकडी करून, टॉर्च तोंडात धरून काम करायची तयारी ठेवा. जनरल मोटर्सच्या पिकअप गाड्यांत ५.५ मिमीचा लहान सॉकेट लागतो. नेहमीच्या पान्यांच्या संचात तो असेलच असं नाही.

मोटर निघाली की लगेच नवी बसवू नका. झडपेचा दांडा बोटांनी फिरवून बघा. ठरावीक कोनात फिरून दोन्ही टोकांना अडत असेल तर झडप ठीक आहे. गोल गोल मोकळा फिरत असेल तर झडपच तुटलीय आणि नवी मोटर काही करू शकणार नाही. १९९९ ते २००४ च्या जीप ग्रँड चेरोकीचं हे जुनं दुखणं आहे. झडप शाबूत असेल तर ती हातानेच गरमकडे वळवा, मग बॅटरी जोडून, तापलेलं इंजिन आणि पंखा चालू ठेवून पाहा. ऊब आली की निदान पक्कं.

नवी मोटर दिसण्यावरून घेऊ नका, पार्ट नंबर जुळवा. दांडा आणि मोटरीची खाच जुळत नसेल तर झडप फिरवा. मोटरीची खाच पकडीने पिळलीत तर नव्या गिअरचे दात जातील. बसवल्यावर बऱ्याच गाड्यांत मोटर झडपेची दोन्ही टोकं स्वतः शोधते. तेवढा वेळ बटणांना हात लावू नका. काही मॉडेलांत यासाठी फ्यूज काढून घालावा लागतो किंवा स्कॅनर (गाडीच्या संगणकाला जोडायचं उपकरण) लागतो. ते त्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघा.

कोअर तुंबला असेल तर दोन्ही नळ्या सोडवून उलट्या दिशेने पाणी सोडतात, पण कमी दाबाने, नाहीतर जुना कोअर फुटायचा. निघालेलं कूलंट भांड्यात धरा. ते चवीला गोड आणि कुत्र्या-मांजरांना विषारी असतं. काचेवर तेलकट वाफ धरत असेल किंवा प्रवाशाच्या पायाखालचं कार्पेट ओलं होत असेल तर कोअर गळतोय. तो घरी बदलायच्या फंदात पडू नये, असं माझं मत.

पुण्या-नागपुरात हीच झडप उन्हाळ्यात रडवते. ती गरमच्या बाजूला अडकली की एसी गार करत नाही, आणि निदान न करताच गॅस भरला जातो. एसी चालू ठेवून बॉनेटखालची केबिनकडे जाणारी जाड पाइप बघा. ती गारेगार असून घाम धरतेय आणि आत मात्र हवा कोमट येतेय, तर संशय गॅसवर नाही, झडपेवर घ्या. साध्या नॉबच्या बऱ्याच गाड्यांत तर तिथे मोटरच नसते, केबल असते, आणि कधीकधी नुसती क्लिप निसटलेली असते.