‘चोर बीटी’ची पार्श्वभूमी
१० जून २०१९ रोजी अकोट तालुक्यातल्या अकोली जहागीर गावात शेतकरी संघटनेने एचटीबीटी, म्हणजे जनुकात बदल करून बोंडअळी रोखणारा (बीटी) आणि तणनाशकानेही न मरणारा कापूस पेरला, तोही आधी जाहीर करून, सगळ्यांदेखत. या बियाण्याला सरकारची परवानगी नव्हती. पर्यावरण संरक्षण कायद्यात तेव्हा अशा गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होता. तरी शेकडो शेतकरी जमले. विदर्भात या बियाण्याला ‘चोर बीटी’ म्हणतात. आपल्याच वावरात पेरणारा चोर कसा, हा प्रश्न मात्र त्या दिवसाच्या फार आधीचा आहे.

१९५९ साली राजाजी, मिनू मसानी यांनी स्वतंत्र पक्ष काढला तो लायसन्स-परमिट राजविरुद्ध, म्हणजे प्रत्येक धंद्याला सरकारी परवानगी लागायची त्या व्यवस्थेविरुद्ध. पुढे शेतकरी संघटनेचे संस्थापक शरद जोशींनी हाच विचार शेताच्या बांधावर आणला. सरकार बाजारात हात घालतं म्हणून शेतमालाचे भाव पडतात, असं त्यांचं म्हणणं. कापूस उत्पादकाला ते समजावून सांगावं लागलं नाही. १९७२ पासून महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना होती, म्हणजे कापूस सरकारलाच विकायचा. शेजारच्या राज्यात भाव जास्त असला की घरचाच कापूस सीमेपलीकडे नेणारा शेतकरी तस्कर ठरायचा.

या विचाराची खरी कसोटी लागली गुजरातेत. २००१ च्या हंगामात बोंडअळीने कापूस खाल्ला, पण काही शेतं हिरवीगार उभी राहिली. तपासात कळलं की तिथे ‘नवभारत १५१’ हे विनापरवाना बीटी वाण होतं. केंद्राकडून ते पीक जाळून टाकण्याचा आदेश आला. जोशी शेतकऱ्यांच्या बाजूने उभे राहिले. ‘तंत्रज्ञानाचं स्वातंत्र्य’ हा शब्द तेव्हापासून संघटनेच्या तोंडी पक्का बसला. आणि २६ मार्च २००२ रोजी, जेमतेम सहा महिन्यांत, बीटी कापसाच्या दुसऱ्या वाणांना रीतसर मंजुरी मिळाली. कालचा गुन्हा आज शेती होऊ शकते, हे शेतकऱ्यांनी डोळ्यांनी पाहिलं. अकोलीची हिंमत तिथून आली, असं मला वाटतं.

एचटीबीटीचं आकर्षण साधं आहे. ग्लायफोसेट हे तणनाशक फवारलं की तण पिवळं पडून वाळतं, पऱ्हाटी तशीच उभी राहते. ज्या शेतकऱ्याला पावसाच्या उघडिपीत निंदायला बाया मिळत नाहीत आणि मिळाल्या तर मजुरी झेपत नाही, त्याला हे बियाण्याचं पाकीट म्हणजे सुटका वाटते. हे तंत्रज्ञान आणणाऱ्या कंपनीने मंजुरीचा अर्ज २०१६ मध्ये मागे घेतला, पण मागणी मागे गेली नाही.

पाकीट मिळतं ते बिलाशिवाय. उगवलं नाही तर तक्रार कुणाकडे करणार? बंदीने बियाणं थांबत नाही, फक्त शेतकऱ्याच्या हातातलं बिल जातं, हा स्वातंत्र्यवाद्यांचा सगळ्यात भक्कम मुद्दा, आणि तो मला पूर्ण पटतो. दुसरा मुद्दा, ‘माझं शेत, माझी जोखीम’, तेवढा पटत नाही. वाऱ्यावर उडालेलं ग्लायफोसेट शेजारच्या तुरीवर पडलं तर जोखीम शेजाऱ्याची होते, आणि त्याला कुणी विचारलेलं नसतं. बीटीला न जुमानणारी गुलाबी बोंडअळीही बांध ओळखत नाही. २०१७ मध्ये तिने विदर्भातली परवानगीची शेतंही पोखरली होती. या शेजाऱ्याची भरपाई कोण आणि कशी करणार, याचं उत्तर आता संघटनेने द्यायला हवं.