जुळवून घेतलं म्हणजे नेमकं कोणी?

वातावरण बदललं की सजीव जुळवून घेतात, हे वाक्य शाळेपासून कानावर पडतं आणि त्यातल्या 'जुळवून घेणं'ने जेवढा घोळ घातलाय तेवढा क्वचितच कुठल्या शब्दाने घातला असेल. हा घोळ नीट दिसतो तो पतंग नावाच्या एका किड्यात.

इंग्लंडमधला पेपर्ड मॉथ. पांढरट पंखांवर मिरपूड भुरभुरल्यासारखे काळे ठिपके, दिवसभर पंख पसरून झाडाला चिकटून असतो, सालीवर दगडफूल वाढलेलं असेल तर समोर असूनही दिसत नाही. 1848 मध्ये मँचेस्टरला याचाच एक काळाकुट्ट भाऊबंद सापडला. गिरण्यांच्या धुराने दगडफूल मरत होतं, खोडं काजळीने माखत होती, आणि 1895 पर्यंत तिथले साधारण 98 टक्के पतंग काळे झाले.

'काळे झाले', बघा, मीही तेच लिहिलं! एकही पतंग काळा झाला नव्हता. पांढरा जन्मला तो पांढराच मेला, फक्त पक्ष्यांच्या नजरेत लवकर भरून लवकर मेला आणि काळ्यांची प्रजा मागे उरली. म्हणजे ज्याला आपण जुळवून घेणं म्हणतो ते इथे निव्वळ मरणाचं गणित होतं.

हे तपासायला 1950 च्या दशकात खुणा केलेले पतंग जंगलात सोडून पुन्हा पकडले, म्हणजे जे जास्त परत मिळाले ते जास्त वाचले. बर्मिंगहॅमजवळच्या काजळलेल्या झाडीत काळे सुमारे 27 टक्के परत मिळाले, पांढरे 13. दक्षिण इंग्लंडमधल्या डॉर्सेटच्या स्वच्छ जंगलात नेमकं उलटं, पांढरे काळ्यांच्या दुप्पट. पण पतंग सोडले होते दिवसा, खोडांवर, आणि पुस्तकांतले बरेच प्रसिद्ध फोटो पतंग खोडावर मांडून काढलेले होते. 1990 नंतर यावरून जो गदारोळ झाला त्यात उत्क्रांतीच खोटी इथपर्यंत गाडी गेली. पद्धतीत त्रुटी होत्या हे खरंच, पण फोटो मांडून काढला म्हणून पक्षी पतंग खात नाहीत असं होत नाही ना, एवढी साधी गोष्ट त्या वादात कोणी ऐकून घेईना.

शेवटी केंब्रिजजवळ एका संशोधकाने 2001 पासून सहा वर्षं 4,864 पतंग सोडून प्रयोग नव्याने केला, आणि सोबतच झाडावर चढून ते खरंच कुठे बसतात तेही पाहिलं. बरेचसे आडव्या फांद्यांवर होते पण साधारण एक तृतीयांश खोडावरही होते. हवा आता स्वच्छ होती त्यामुळे काळे जास्त खाल्ले जात होते, रोजची जगण्याची शक्यता पांढऱ्यांपेक्षा सुमारे 9 टक्क्यांनी कमी. 2012 मध्ये हे छापून आलं. 2016 मध्ये काळ्या रंगामागचा बदलही सापडला, डीएनएचा एक उडी मारणारा तुकडा एका जीनमध्ये जाऊन बसलेला, आणि अंदाजाने तो 1819 च्या आसपास बसला असावा.

आता ग्रेट टिट बघा. ऑक्सफर्डजवळच्या जंगलात हा छोटा पक्षी 1960 च्या दशकापेक्षा जवळजवळ दोन आठवडे आधी अंडी घालतोय, कारण वसंत लवकर येतो आणि पिल्लांना लागणाऱ्या अळ्याही लवकर निघतात. इथे कोणाची निवड होऊन वंश बदललाय असं नाही, तीच मादी उबदार वर्षी आधी घालते आणि थंड वर्षी उशिरा. नेदरलँड्समध्ये मात्र अळ्या पुढे सरकल्या, पक्षी मागे राहिले, पिल्लं चोच उघडतात तोवर अळ्यांचा भर ओसरलेला असतो.

पतंगांचं वंश बदलणं आणि पक्ष्याचं वागणं बदलणं, मराठीत दोन्हींना अनुकूलनच म्हणतात. आणि हवामानाच्या बातम्यांत पुराची भिंत बांधणं हेही अनुकूलनच.