डिस्कोर्स ॲनालिसिसमधलं 'कॉन्टेक्स्ट'चं भांडण: पार्श्वभूमी

एमएला डिस्कोर्स ॲनालिसिसचा, म्हणजे वाक्यापलीकडच्या भाषेच्या आणि संवादाच्या अभ्यासाचा, पेपर घेतला की लवकरच डोकं चक्रावतं, कारण एकाच नावाखाली दोन घराणी शिकवली जातात (एक संभाषण बारकाईने तपासणारं कॉन्व्हर्सेशन ॲनालिसिस, दुसरं बोलण्यात सत्ता शोधणारं क्रिटिकल डिस्कोर्स ॲनालिसिस) आणि त्यांचं का पटत नाही हे सहसा कोणी नीट सांगत नाही.

डिस्कोर्स ॲनालिसिस हे नाव १९५२ सालच्या एका शोधनिबंधातून रुळलं. तेव्हा प्रश्न एवढाच होता की वाक्याच्या पुढे जाऊन रचना शोधता येते का, आणि नमुना घेतला होता केसांच्या टॉनिकच्या जाहिरातीचा. प्रत्यक्ष बोलणारी माणसं या अभ्यासात आली ती समाजशास्त्रातून, १९६४ च्या सुमारास, मानसोपचाराच्या इमर्जन्सी फोन कॉल्समधून. फोन घेणारा आपलं नाव सांगतो, पलीकडचा म्हणतो "ऐकू येत नाहीये", आणि त्या फेऱ्यात स्वतःचं नाव सांगायची त्या पलीकडच्याची पाळी निघून जाते. मला तर अख्खा विषय या एका जागेत दिसतो. पुढे १९७४ चा टर्न-टेकिंगचा (बोलायची पाळी कोणाची हे कसं ठरतं याचा) पेपर भाषाशास्त्राच्या जर्नलमध्ये छापून आला आणि ही मंडळी आपल्याकडे, भाषाशास्त्रात, कायमची आली.

खरा वाद मात्र १९९७ चा. तोवर क्रिटिकलवाल्यांचा जोर वाढला होता, सत्ता, वंश, लिंगभाव हे सगळं ते संवादात वाचत होते. कॉन्व्हर्सेशन ॲनालिसिसच्या घराण्याने विचारलं, हा कॉन्टेक्स्ट, म्हणजे बोलण्याभोवतीचा संदर्भ, बोलणाऱ्यांचा की तुमचा? समजा साहेब विचारतो, "उद्या येणार ना?" मग ०.८ सेकंद शांतता, मग "अं... बघते." क्रिटिकल बाजू म्हणणार, हुद्दा आणि बाईपण धरल्याशिवाय ही शांतता कळणारच नाही. दुसरी बाजू म्हणते, नाही म्हणायचं असलं की माणूस मैत्रिणीपुढेही असाच अडखळतो, तेव्हा हुद्दा बोलणाऱ्यांनीच कुठे पुढे आणलाय ते दाखवा, मग लिहा. यावर १९९८-९९ मध्ये उत्तरं आली की हा नियमच तटस्थ नाही, बोलणारे सगळे एका पातळीवर आहेत असं तो आधीच धरून चालतो. मुद्दा वजनदार आहे, तरी मी दुसऱ्या बाजूचीच, कारण सत्ता आधीच ठरवून ठेवली की पॉज मोजायची गरजच उरत नाही आणि ट्रान्सक्रिप्ट (बोलण्याची शब्दशः लेखी नोंद) नुसतं सजावटीला राहतं.

त्यानंतर मोजमाप वाढलं. २००९ मध्ये दहा भाषांमधले हो-नाही प्रश्न तपासले, उत्तर यायला सरासरी साधारण ०.२ सेकंद लागतात असं निघालं, म्हणजे वरचे ०.८ किती लांब ते बघा. आता व्हिडिओ आलाय, नजर, हात, मान, सगळं ट्रान्सक्राइब करायचं, मिनिटभराच्या क्लिपला तास न् तास जातात. आणि जुना प्रश्न आता कॅमेरा लावतानाच समोर येतो: बोलणारी ज्याच्याकडे बघून थांबली तो माणूस फ्रेमच्या बाहेर बसला असेल, तर तो डेटा धरायचा की कॉन्टेक्स्ट?