सहीने आलेलं, सहीने गेलेलं : अमेरिकेच्या बंदूक धोरणाची पार्श्वभूमी

७ फेब्रुवारी २०२५ रोजी डोनाल्ड ट्रम्प यांनी एका आदेशावर सही केली. जानेवारी २०२१ ते जानेवारी २०२५ या काळातले बंदुकांविषयीचे सरकारी नियम, आदेश आणि सूचना ॲटर्नी जनरलनी (न्याय खात्याच्या प्रमुखांनी) तपासाव्यात, नागरिकांच्या शस्त्र बाळगण्याच्या हक्काला त्यांतून कुठे धक्का लागतो ते पाहावं आणि तीस दिवसांत तपासणी उरकून पुढे काय करायचं त्याचा आराखडा द्यावा, असं त्यात म्हटलं होतं. तारखा पाहिल्या की लक्षात येतं, ही बायडेन यांची अख्खी कारकीर्द आहे. बायडेन यांनी सप्टेंबर २०२३ मध्ये व्हाइट हाउसमध्ये बंदूक हिंसाचार रोखण्यासाठी वेगळं कार्यालय उघडलं होतं आणि उपाध्यक्ष कमला हॅरिस यांच्याकडे त्याची देखरेख सोपवली होती. नवं सरकार येताच तेही गुंडाळलं गेलं.

सरकार बदललं की प्राधान्यक्रम बदलणारच. पण या एका विषयात पाटी इतकी झटपट कोरी कशी होते, हे समजायला नव्वद वर्षं मागे जावं लागतं. काँग्रेसने बंदुकांवर मोठा कायदा केल्याचे प्रसंग बोटांवर मोजता येतील. मधल्या लांबलचक काळात जे काही झालं ते बहुतेक अध्यक्षांच्या सहीने झालं.

पहिला मोठा संघराज्य कायदा १९३४ चा. दारूबंदीच्या काळात टोळ्यांच्या हातात मशीनगन आल्या होत्या. १९२९ चं शिकागोतलं व्हॅलेंटाइन डे हत्याकांड लोकांच्या डोळ्यांसमोर ताजं होतं. त्यात फेब्रुवारी १९३३ मध्ये, शपथविधीला काही आठवडे उरले असताना, मायामीत फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्यावर गोळीबार झाला. ते वाचले, शिकागोचे महापौर अँटन सर्माक दगावले. रूझवेल्ट सरकारच्या मूळ मसुद्यात साधी पिस्तुलं आणि रिव्हॉल्व्हरही होती. चर्चेत ती गळली आणि मशीनगन, आखूड नळीच्या बंदुका, सायलेन्सर एवढंच उरलं. सरसकट बंदी न घालता त्यांच्या खरेदीवर २०० डॉलर कर बसवला. त्या काळी टॉमी गन या मशीनगनची किंमतच साधारण तेवढी होती, म्हणजे कर भरा किंवा नाद सोडा. महागाईबरोबर हा आकडा वाढेल अशी तरतूद मात्र कुणी केली नाही, त्यामुळे तो अनेक दशकं २०० वरच थांबला. २०२५ च्या कर-कायद्याने सायलेन्सर आणि आखूड नळीच्या बंदुकांसाठी तो जानेवारी २०२६ पासून शून्यावर आणला. मशीनगनसाठी अजून २००.

१९६३ मध्ये अध्यक्ष जॉन केनेडींच्या हत्येत वापरलेली रायफल टपालाने मागवलेली होती. मासिकातली जाहिरात, खोटं नाव, दुर्बिणीसकट किंमत १९ डॉलर ९५ सेंट, टपालखर्च वेगळा. टपालाने होणारी ही विक्री थांबवायचं विधेयक त्यानंतर पाच वर्षं रखडलं. १९६८ मध्ये एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग आणि जूनमध्ये रॉबर्ट केनेडी मारले गेले, तेव्हा कुठे ऑक्टोबरमध्ये कायदा झाला. प्रत्येक बंदुकीची नोंदणी आणि मालकाला परवाना, ही लिंडन जॉन्सन यांची मागणी त्यात नव्हतीच. सही करतानाही त्यांनी ती खंत बोलून दाखवली.

नोंदणीचा हा मुद्दा पुढे कायमचा गाडला गेला. १९७७ मध्ये सिनसिनाटीच्या अधिवेशनात नॅशनल रायफल असोसिएशन या बंदूकमालकांच्या संघटनेची सूत्रं कडव्या गटाकडे गेली, आणि १९८६ च्या कायद्याने बंदूकमालकांची राष्ट्रीय नोंदवही करायलाच मनाई केली. (त्याच कायद्याने सामान्य नागरिकांना नव्या मशीनगन मिळणंही बंद केलं, हे दोन्ही बाजूंचे लोक सोयीने विसरतात.) या मनाईचा अर्थ काय, ते वेस्ट व्हर्जिनियातल्या मार्टिन्सबर्गला दिसतं. गुन्ह्यात सापडलेल्या बंदुकीचा माग काढणारं, एटीएफ या बंदुकांवर देखरेख करणाऱ्या संघराज्य यंत्रणेचं केंद्र तिथे आहे. कुठल्या तरी शहरातला पोलीस बंदुकीचा क्रमांक कळवतो. केंद्रातला कर्मचारी आधी कारखान्याला विचारतो, मग घाऊक विक्रेत्याला, मग दुकानदाराला; दुकानदार आपली बाडं उलटून पहिल्या गिऱ्हाइकाचं नाव सांगतो. दुकान बंद पडलेलं असेल तर त्याची कागदपत्रं खोक्यांत भरून इथेच आलेली असतात. ही खोकी इतकी साठली, की आवारात मालवाहू कंटेनर आणून ठेवावे लागले. कागद स्कॅन होतात, पण निव्वळ चित्र म्हणून. नाव टाकून शोधता येणार नाही अशाच रीतीने ते ठेवावे लागतात. कर्मचारी पडद्यावर पानामागून पान सरकवत बसतो.

मग उरला तो खरेदीदार. १९८१ मध्ये रेगन यांच्यावरच्या हल्ल्यात त्यांचे प्रसिद्धी सचिव जेम्स ब्रेडी कायमचे अपंग झाले. त्यांच्या नावाच्या कायद्यावर बिल क्लिंटन यांची सही झाली नोव्हेंबर १९९३ मध्ये, बारा वर्षांनी. परवानाधारक दुकानदाराने गिऱ्हाइकाची पूर्वपीठिका तपासल्याशिवाय बंदूक द्यायची नाही, हा त्याचा गाभा. १९९८ पासून एफबीआयची यंत्रणा हे काम करते. कायद्यातली एक बारीक मुदत मात्र पुढे महागात पडली. तीन कामकाजी दिवसांत उत्तर आलं नाही, तर दुकानदार बंदूक देऊ शकतो. २०१५ मध्ये चार्ल्सटनच्या चर्चमध्ये नऊ जणांना मारणाऱ्याला बंदूक मिळाली ती याच फटीतून. खासगी विक्रीला तर संघराज्याच्या कायद्यात आजही तपासणीची सक्ती नाही.

१९९४ ची असॉल्ट वेपन्सवरची, म्हणजे लष्करी धाटणीच्या अर्धस्वयंचलित बंदुकांवरची, बंदी दहा वर्षांची होती आणि सप्टेंबर २००४ मध्ये मुदत संपताच संपली. बंदी आली त्याच वर्षी, नोव्हेंबरच्या निवडणुकीत डेमोक्रॅट्सनी प्रतिनिधिगृह गमावलं. त्याचं खापर बऱ्याच जणांनी या बंदीवर फोडलं, आणि पक्षाने पुढची कित्येक वर्षं हा विषय हातातच घेतला नाही.

माझ्या मते याहून खोल घाव बसला १९९६ मध्ये, आणि त्याचा आवाजही झाला नाही. अर्कान्सॉचे खासदार जे डिकी यांनी अर्थसंकल्पात एक वाक्य घातलं. सीडीसी या संघराज्याच्या आरोग्य संस्थेने इजा-प्रतिबंधाचा पैसा बंदूक नियंत्रणाच्या प्रचारासाठी वापरू नये, एवढंच. संशोधनावर बंदी त्यात कुठेच नव्हती. पण या संशोधनावर खर्च होत होते बरोबर तेवढे २६ लाख डॉलर कापून दुसरीकडे वळवले गेले, आणि इशारा कुणाला कळायचा राहिला नाही. वीसेक वर्षं सीडीसी या विषयापासून लांब राहिली. डिकी यांना नंतर याचा पश्चात्ताप झाला. २०१२ मध्ये त्यांनी, एकेकाळी ज्यांच्याशी भांडले त्या शास्त्रज्ञासोबत, संशोधन पुन्हा सुरू करा असा लेख लिहिला. काँग्रेसने या कामासाठी वेगळे पैसे दिले ते २०२० च्या अर्थसंकल्पात : अडीच कोटी डॉलर.

तोवर धोरणाची नजर चुकीच्या जागी खिळलेली होती. २०२१ मध्ये अमेरिकेत ४८,८३० माणसं बंदुकीने मेली. त्यांतल्या निम्म्याहून अधिक आत्महत्या. खुनांपैकी बहुसंख्य हँडगनने होणारे, मोजक्या शहरांतल्या मोजक्या वस्त्यांतले. शाळेतला गोळीबार देश हादरवतो, आणि हादरावाच. पण विधेयकं अशा गोळीबारांतल्या रायफलच्या मागे धावत राहिली आणि रोजचे मृत्यू बातमीच्या बाहेर राहिले. डिसेंबर २०१२ मध्ये सँडी हुकच्या शाळेत २० मुलं आणि सहा प्रौढ मारले गेले. ओबामांनी महिन्याभरात २३ कार्यकारी उपाय जाहीर केले. एप्रिल २०१३ मध्ये तपासणीची व्याप्ती वाढवणाऱ्या प्रस्तावाला सिनेटमध्ये ५४ मतं पडली. लागत होती ६०.

एव्हाना सर्वोच्च न्यायालयानेही कक्षा आखून दिली होती. २००८ च्या हेलर निकालाने घरात स्वसंरक्षणासाठी बंदूक ठेवणं हा व्यक्तीचा घटनात्मक हक्क ठरवला. २३ जून २०२२ च्या ब्रुएन निकालाने आणखी पुढे जाऊन सांगितलं की, कुठलंही बंधन देशाच्या ऐतिहासिक परंपरेत बसलं पाहिजे. तेव्हापासून सरकारी वकील अठराव्या-एकोणिसाव्या शतकातले कायदे धुंडाळत बसलेत.

योगायोग असा की या निकालानंतर दोनच दिवसांनी, २५ जूनला, बायडेन यांनी जवळपास तीस वर्षांतल्या सर्वांत मोठ्या बंदूक कायद्यावर सही केली. युवाल्डीच्या शाळेत १९ मुलं आणि दोन शिक्षिका मारल्या गेल्याला महिना झाला होता. २१ वर्षांखालच्या खरेदीदारांची जास्त कसून तपासणी, धोकादायक अवस्थेतल्या माणसाकडून न्यायालयामार्फत तात्पुरती बंदूक काढून घेणाऱ्या राज्यांना मदत, आणि वस्तीपातळीवरच्या कामासाठी २५ कोटी डॉलर. हा शेवटचा भाग नवा होता. गोळी लागलेला पोरगा रुग्णालयात असतानाच त्याच्या वस्तीतला, त्याने ज्याचं ऐकावं असा माणूस उशाशी येऊन बसतो, मित्रांना फोन करतो, बदला घ्यायला निघालेल्यांना अडवतो. बोस्टन आणि शिकागोत नव्वदच्या दशकापासून रुजलेल्या प्रयत्नांना पहिल्यांदाच संघराज्याचा असा घसघशीत पैसा मिळाला.

सहीने कायदा पुसता येत नाही, अनुदान थांबवता येतं. एप्रिल २०२५ मध्ये न्याय खात्याने शेकडो अनुदानं रद्द केली, त्यांत या कामाचीही होती. त्याच महिन्यात नियम मोडणाऱ्या दुकानदारांचे परवाने सरळ रद्द करण्याचं बायडेनकालीन धोरण गेलं. ते राबवणाऱ्या एटीएफला तर २००६ पासून २०२४ पर्यंत सिनेटने मंजूर केलेले संचालक मिळाले फक्त दोन. बाकी काळ प्रभारींनी हाकला.

सहीने आलेली एक गोष्ट मात्र न्यायालयात टिकली. घरी सुटे भाग जोडून होणाऱ्या, क्रमांक नसलेल्या 'घोस्ट गन'वरचा बायडेन यांचा नियम. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यावर सर्वोच्च न्यायालयात युक्तिवाद झाला तेव्हा खटल्यावर नाव होतं बायडेन यांच्या ॲटर्नी जनरलचं, गार्लंड. २६ मार्च २०२५ ला ७ विरुद्ध २ मतांनी नियम उचलून धरला गेला, तोवर खुर्चीवरचा माणूस बदलल्यामुळे खटल्यावरचं नावही बदललं होतं. नियम जिंकला पॅम बाँडी यांच्या नावावर, म्हणजे असलेच नियम तपासून काढायचा आदेश ज्यांना फेब्रुवारीत मिळाला होता, त्यांच्याच.